वर्गणीचा सिनेमा

‘लाइफु इष्टेने’ हा कन्नड चित्रपट सप्टेंबर २०११ मध्ये लागला आणि बऱ्यापैकी चालला. त्याचा दिग्दर्शक पवन कुमार योगराज भट यांच्या हाताखाली तयार झालेला. ‘मनसारे’ आणि ‘पंचरंगी’ या भटांच्या चित्रपटांच्या लेखनात त्याचा हात होता. पहिला चित्रपट चाललेल्या दिग्दर्शकाला दुसऱ्यासाठी वणवण करावी लागू नये, अशी आपली समजूत असते. पवन कुमारला ती करावी लागली. त्याच्या नव्या पटकथेचा नायक एका जुन्या थिएटरातला डोअरकीपर होता. अंधारात बॅटरी मारून लोकांना खुर्च्या दाखवणारा हा माणूस झोप येत नाही म्हणून एक गोळी घेतो, आणि त्या गोळीमुळे रोज रात्री आपण चित्रपटातले मोठे नट झालो आहोत असे सलग स्वप्न पाहतो. निर्मात्यांना हे पटेना. कन्नड चित्रसृष्टी तेव्हा नटांच्या नावावर चालत होती (आज फार वेगळे आहे असे नाही), आणि ही गोष्ट नावाजलेल्या नटाच्या मापाने बेतलेली नव्हती.

वैतागून त्याने आपल्या ब्लॉगवर एक लेख लिहिला. शीर्षक दिले ‘मेकिंग एनिमीज’. धंद्यातल्या लोकांना दुखावणारे लिहितो आहोत याची त्याला पुरती कल्पना होती. लेख फेसबुकवरून फिरला, आणि ज्यांचा सिनेमाच्या धंद्याशी काडीचा संबंध नाही अशी माणसे विचारू लागली की पैसे आम्ही दिले तर? हा प्रश्न त्याने गंभीरपणे घेतला. २७ दिवसांत ११० माणसांकडून ५१ लाख रुपये उभे राहिले. चित्रपटाचे नाव ‘लुसिया’, निर्मितिसंस्थेचे नाव ‘ऑडियन्स फिल्म्स’.

भारतातल्या स्वतंत्र सिनेमाचा इतिहास लिहिणारे हे २७ दिवस नव्या युगाची पहाट म्हणून रंगवतात. मला ते पुरते मान्य नाही. त्या दिवसांत नवे काय होते आणि जुनेच काय नव्या साधनाने झाले, हे पाहायचे तर थोडे मागे गेले पाहिजे.

लोकांच्या पैशाने चित्रपट काढणे ही आपल्याकडे इंटरनेटने आणलेली गोष्ट नाही. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ १९७६ चा. गुजरातेतल्या दूध सहकारी संस्थांच्या ५ लाख शेतकरी सभासदांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि १० लाख जमले. श्रेयनामावलीत निर्माते म्हणून त्या शेतकऱ्यांचाच उल्लेख आहे. पटकथा विजय तेंडुलकरांची आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. छायाचित्रण गोविंद निहलानींचे. स्मिता पाटील, मोहन आगाशे, अमरीश पुरी ही नावे आपल्याला नव्याने सांगायला नकोत. चित्रपट लागल्यावर सभासद गावागावांतून गाड्या भरभरून ‘आपला’ पिक्चर बघायला आले. निर्माता आणि प्रेक्षक एकच असण्याचा हा चमत्कार शक्य झाला कारण अमूल उभे करणाऱ्या वर्गीस कुरियन यांच्या हाताशी एक यंत्रणा आयती होती. रोज सकाळ-संध्याकाळ दूध घालायला येणारा माणूस, त्याचे वहीत नाव, त्याच्या खात्यातून कापता येणारे २ रुपये. अशी यंत्रणा नसलेल्याने काय करायचे?

केरळात दिग्दर्शक जॉन अब्राहम यांनी त्याचे उत्तर पायी फिरून शोधले. १९८४ मध्ये कोळिकोडला त्यांनी मित्रांसोबत ‘ओडेसा कलेक्टिव्ह’ उभे केले. गावोगावी प्रोजेक्टर न्यायचा, चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवायचा, आणि जमलेल्यांपुढे पुढच्या चित्रपटासाठी हात पसरायचा. गणपतीची वर्गणी मागत आळीतून फिरणाऱ्या पोरांसारखाच हा उद्योग, फक्त पावतीपुस्तक मार्क्सवाद्यांच्या हातात. त्यातून १९८६ मध्ये ‘अम्मा अरियान’ तयार झाला. पुढच्याच वर्षी जॉन अब्राहम गेले आणि ती चळवळ त्या जोमाने पुढे चालली नाही. एका माणसाच्या पायांवर उभ्या असलेल्या गोष्टींचे बहुधा असेच होते.

आपल्याकडे ‘श्वास’च्या वेळीही लोकांचा पैसा आला, पण तो वेगळ्या टप्प्यावर. संदीप सावंत यांच्या या चित्रपटाने ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळवून दिले आणि २००४ मध्ये भारताची ऑस्कर प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली. अमेरिकेत चित्रपट मतदारांपर्यंत पोहोचवण्याचा खर्च निर्मात्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. तेव्हा शाळकरी मुलांपासून नाट्यसंस्थांपर्यंत अनेकांनी पैसे गोळा केले. ही मदत वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवर उभी राहिली. फेसबुक त्या वर्षी हार्वर्डच्या वसतिगृहात नुकते जन्मले होते.

मुद्दा असा की लोकांची द्यायची तयारी आधीपासून होती. नव्हता तो एका दिग्दर्शकाला अनोळखी शे-दोनशे माणसांपर्यंत फुकटात पोहोचवणारा रस्ता. आणि दुसरी एक गोष्ट नव्हती, जिच्याबद्दल समाजमाध्यमांच्या कौतुकात फारसे बोलले जात नाही. ती म्हणजे ५१ लाखांत संपणारे चित्रीकरण.

३५ मिलिमीटरच्या फिल्मचा हजार फुटांचा डबा कॅमेऱ्यात घातला की जेमतेम ११ मिनिटे चालतो. चारशे फुटांचा साडेचार मिनिटांत संपतो. नटाने वाक्य चुकवले की पैसे जळतात, आणि ते जळताना कॅमेऱ्याच्या घरघरीतून ऐकूही येतात. त्यानंतर लॅबचा खर्च, निगेटिव्हची कापणी, आणि शेवटी एकेका थिएटरसाठी एकेक प्रिंट. एका प्रिंटला पन्नास हजारांच्या वर पैसे पडत. मराठी निर्माते मोजक्या प्रिंटा काढत आणि त्याच मुंबईहून पुण्याला, पुण्याहून कोल्हापूर-सांगलीला फिरवत. तालुक्याच्या गावी पिक्चर पोहोचेपर्यंत प्रिंट ओरखड्यांनी भरलेली असे. नवखा दिग्दर्शक निर्मात्याच्या दारात उभा राहायचा तो या खर्चापायी. कलेचा प्रश्न नंतरचा.

हा खर्च टाळायची पहिली धाडसी युक्ती मुंबई-पुण्याला कोणी केली नाही. ती मालेगावात झाली. यंत्रमागांचे गाव, शुक्रवारी सुट्टी, आणि सुट्टीला पिक्चर हा एकच विरंगुळा. नासिर शेख तिथे व्हिडिओ पार्लर चालवायचा. इंग्रजी चित्रपटांची काटछाट करून, दोन व्हीसीआर जोडून त्याने संकलन शिकून घेतले. मग २००० साली साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च सुमारे ५० हजार. डाकूंना घोडे परवडत नव्हते, तेव्हा ते सायकलींवर आले. क्रेनच्या जागी बैलगाडी. ट्रॉलीच्या जागी पुन्हा सायकलच. नट गावातलेच, दिवसा माग चालवणारे किंवा दुकानात बसणारे. गावाने पिक्चर डोक्यावर घेतला.

काही वर्षांनी नासिरने ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढायला घेतला तेव्हा त्याच्याकडे संगणक होता आणि हिरव्या पडद्यापुढे माणूस उभा करून त्याला आकाशात उडवायची विद्याही. ट्रकवर हिरवे कापड बांधून, काटकुळ्या शफीक शेखला आडवा टांगून सुपरमॅन उडवला गेला. हा सगळा खटाटोप फैजा अहमद खान हिने ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात टिपला. तो २००८ चा. नंतर अनेक महोत्सवांत गाजला, आणि भारतात थिएटरात लागायला त्याला २०१२ उजाडले. तोवर शफीक तोंडाच्या कर्करोगाने गेला होता.

मालेगावचे उदाहरण लोक हसत हसत सांगतात. मला ते या इतिहासातले सर्वात गंभीर पान वाटते. कारण तिथे कॅमेरा, संकलन आणि प्रेक्षक तिन्ही एकाच गावात होते. मधला माणूसच नव्हता. नंतर इंटरनेटने जे देण्याचे वचन दिले ते मालेगावात इंटरनेटशिवाय घडून गेले होते, आणि त्याची मर्यादाही तिथेच दिसली होती. गावाबाहेर तो सिनेमा फारसा पोहोचला नाही. पोहोचला तो त्याच्यावरचा माहितीपट.

२००८ च्या सप्टेंबरात कॅनन कंपनीने ‘५-डी मार्क टू’ हा स्थिरचित्रांचा कॅमेरा जाहीर केला. त्यात व्हिडिओची सोय होती ती मुख्यतः वृत्तछायाचित्रकारांसाठी. सिनेमावाल्यांच्या लक्षात आले की याचा सेन्सर ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीहून मोठा आहे आणि हव्या त्या भिंगाने मागची पार्श्वभूमी धूसर करता येते. व्हिडिओचे चित्र ‘टीव्हीसारखे’ दिसते ही तक्रार एका झटक्यात मिटली. लग्नाचे शूटिंग करणाऱ्यांनी हा कॅमेरा घेतला, म्हणजे तो तालुक्याच्या गावी भाड्याने मिळू लागला. त्याच सुमारास यूएफओसारख्या कंपन्या उपग्रहावरून थेट थिएटरात चित्रपट पाठवू लागल्या आणि प्रिंट ही वस्तूच मोडीत निघाली. २०११ मध्ये ॲरी कंपनीने फिल्मवर चालणारे कॅमेरे बनवणे थांबवले. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. पवन कुमारचे ५१ लाख पुरले त्याचे अर्धे श्रेय या उलथापालथीला आहे. दहा वर्षांपूर्वी त्याच रकमेचा मोठा भाग फिल्म, लॅब आणि प्रिंटांनी गिळला असता.

पैसा गोळा करण्याच्या बाजूने पहिले मोठे पाऊल मात्र ‘लुसिया’च्याही आधी मुंबईत पडले होते. ओनीर या दिग्दर्शकाने २००५ मध्ये ‘माय ब्रदर... निखिल’ केला होता. एड्सग्रस्त जलतरणपटूची ती गोष्ट गोव्यात घडते. त्यानंतर त्याला चार कथांचा एक चित्रपट करायचा होता. काश्मीर सोडावे लागलेली पंडित स्त्री, लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेला तरुण, एकटीने मूल हवे असलेली बाई, आणि कलम ३७७ च्या धाकाने पोलिसांकडून नागवला गेलेला समलिंगी पुरुष. यातली एक कथा घेऊनही निर्मात्याकडे जायची चोरी होती, इथे तर चार होत्या. ओनीर आणि त्याचा सहनिर्माता, नट संजय सूरी यांनी फेसबुकवर आवाहन केले. जगभरातून चारशेहून अधिक माणसांनी लहानमोठी रक्कम पाठवली. कोणी पैशाऐवजी घर दिले, कोणी काम केले. जुही चावला, मनीषा कोईराला, नंदिता दास, राहुल बोस असे कसलेले कलाकार त्यात उतरले. ‘आय ॲम’ एप्रिल २०११ मध्ये लागला आणि सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. राष्ट्रीय पुरस्कार मिळूनही हा चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवायला वाहिन्या तयार होईनात, कारण त्याला ‘प्रौढांसाठी’ असे प्रमाणपत्र होते. छोट्या चित्रपटाचा खर्च तेव्हा उपग्रह हक्कांतूनच भरून यायचा. पुरस्कारप्राप्त चित्रपट किमान दूरदर्शनने तरी दाखवावेत यासाठी ओनीरला २०१२ मध्ये इतर दिग्दर्शकांना जमवून मोहीम चालवावी लागली. चारशे माणसांचा विश्वास एका दाराशी येऊन थबकला. फेसबुकवर ते दार उघडायची किल्ली मिळत नव्हती.

हे सगळे पवन कुमारच्या डोळ्यांसमोर होते. ‘लुसिया’त त्याने फक्त पैसे गोळा केले असते तर त्याची गोष्ट ओनीरच्या गोष्टीचा कन्नड अनुवाद झाली असती. त्याने पैसे देणाऱ्यांना कामाच्या आत घेतले. चित्रीकरणाच्या घडामोडी, अडचणी, छायाचित्रे सतत त्यांच्यापर्यंत पोहोचत राहिली. नायकाच्या भूमिकेसाठी त्याने नीनासम सतीश याला घेतले. के. व्ही. सुब्बण्णा यांनी हेग्गोडूसारख्या खेड्यात उभ्या केलेल्या ‘नीनासम’ या नाट्यसंस्थेत शिकलेला हा नट तोवर लहानसहान भूमिकांत दिसे. श्रुती हरिहरन ही नायिका कन्नडमध्ये नवी. संगीत पूर्णचंद्र तेजस्वी याचे. गोष्टीतला एक पदर रंगीत आणि दुसरा कृष्णधवल ठेवला. तांत्रिक काटकसर आणि कल्पकता यांची गाठ कुठे पडली हे पडद्यावर शोधूनही सापडत नाही. ज्यांना वर्गणीचा सिनेमा म्हणजे हौशी सिनेमा वाटतो त्यांनी तो एकदा पाहावा.

२० जुलै २०१३ रोजी लंडनच्या भारतीय चित्रपट महोत्सवात ‘लुसिया’चा पहिला खेळ झाला आणि महोत्सवातला प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार त्याने घेतला. ६ सप्टेंबरला तो कर्नाटकात लागला. पीव्हीआरच्या ‘डायरेक्टर्स रेअर’ या उपक्रमातून तो राज्याबाहेरच्या शहरांतही पोहोचला. कन्नड न कळणाऱ्यांनी उपशीर्षके वाचत पाहिलेला तो त्या काळातला दुर्मीळ कन्नड चित्रपट. दोन वर्षांत तमिळमध्ये सिद्धार्थला घेऊन ‘एनक्कुळ ओरुवन’ या नावाने त्याचा रिमेक झाला. ज्या गोष्टीला आपल्या भाषेत निर्माता मिळत नव्हता तिला दुसऱ्या भाषेत नावाजलेला नट मिळाला.

त्याच वर्षी, ‘लुसिया’च्या दीड महिना आधी, आनंद गांधीचा ‘शिप ऑफ थीसिअस’ भारतात लागला. याला पैसा लोकांनी दिला नव्हता. निर्माता व नट सोहम शाह मागे उभा होता. टोरोंटोच्या २०१२ च्या महोत्सवात तो गाजलेला होता आणि किरण राव यांनी आपले नाव त्याला जोडले होते. पण अवयवरोपण, नीतिमत्ता आणि जैन साधूची प्रायोपवेशनाची तयारी अशा विषयांवरचा चित्रपट कोणत्या शहरात लावायचा? तेव्हा फेसबुकवर लोकांनाच विचारले गेले की तुमच्या शहरात हवा असेल तर मत द्या. मतांच्या आकड्यावर शहरे वाढत गेली. वितरकाचा जो अंदाज पूर्वी ‘अमुक सर्किटला हे चालत नाही’ एवढ्या एका वाक्यावर चालायचा, त्याला प्रथमच आकड्याने उत्तर मिळाले. पुढे निर्मात्यांनी तो चित्रपट इंटरनेटवर फुकट उतरवून घ्यायला खुला केला. चोरीची प्रत बघणाऱ्याला निदान चांगली प्रत मिळावी, हा त्यातला व्यवहार.

२०११ ते २०१३ या तीन वर्षांत एकंदर वाटू लागले की मार्ग सापडला. किकस्टार्टरच्या धर्तीवर मुंबईत विशबेरीसारखी संकेतस्थळे निघाली. ‘पुण्यकोटी’ हा संस्कृतमधला ॲनिमेशनपट तिथल्या वर्गणीवर उभा राहिला. पण या संकेतस्थळांना एक अडचण पहिल्यापासून होती. पैसे देणाऱ्याला नफ्यात वाटा द्यायचा की नुसते आभाराचे पत्र? १९५६ च्या कंपनी कायद्याने खासगी कंपनीत ५० पेक्षा जास्त भागधारक चालत नसत. २०१३ च्या कायद्याने ती मर्यादा २०० केली. त्यापुढे गेलात की तुम्ही जनतेकडून भांडवल उभारता, आणि मग सेबीचे सगळे नियम लागू. जून २०१४ मध्ये सेबीने या विषयावर चर्चेसाठी मसुदा काढला. २०१६ मध्ये अशा मंचांवरून समभाग घेऊ नका, ते अधिकृत नाहीत, असा इशारा दिला. म्हणजे हजार माणसे मिळून चित्रपटाला देणगी देऊ शकतात, त्याचे टी-शर्ट आणि पोस्टर घेऊ शकतात, पण सहज भागीदार होऊ शकत नाहीत. चिट फंडांनी पोळलेल्या देशात सेबीची भीती मी समजू शकतो. तरीही ज्या देशात शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने १९७६ मध्ये चित्रपट काढला, तिथे प्रेक्षकांच्या सहकारी संस्थेचा विचार फारसा कोणी पुढे नेला नाही, याचे नवल वाटते. निदान महाराष्ट्राला तरी साखरेपासून सुतापर्यंत सगळे सहकारातून करायची सवय होती.

कायद्याहून मोठी अडचण थिएटरच्या हिशेबात होती. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचा दोन महिने संप चालला. तडजोड अशी झाली की पहिल्या आठवड्याच्या उत्पन्नात निर्मात्याचा वाटा ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, त्यानंतर ३०. मोठ्या नटाच्या, पहिल्या तीन दिवसांत गर्दी खेचणाऱ्या चित्रपटाला हे सोयीचे. पण छोटा चित्रपट तोंडोतोंडी चालतो. पहिल्या शुक्रवारी वीस माणसे, त्यांनी दुसऱ्यांना सांगायचे, मग तिसऱ्या आठवड्यात हॉल भरायचा. या हिशेबात कीर्ती वाढते तसा वाटा घटतो, आणि बहुतेक वेळा तिसरा आठवडा येतच नाही, कारण दुसऱ्या शुक्रवारी नवा मोठा चित्रपट पडदे घेऊन जातो. प्रिंटचा खर्च गेला असे म्हणावे, तर त्याच्या जागी पडद्यामागे ‘व्हर्च्युअल प्रिंट फी’ नावाचे शुल्क आले. सकाळी पावणेदहाचा किंवा दुपारी तीनचा एकच खेळ मिळालेल्या चित्रपटालाही ते चुकत नाही.

समाजमाध्यमांचा खरा परिणाम माझ्या मते इथे झाला, आणि तो पैसा गोळा करण्यापेक्षा फार मोठा आहे. तोंडी प्रसिद्धीला जे तीन आठवडे लागायचे ते पहिल्या तीन दिवसांत कोंबायचे काम दिग्दर्शकाच्या गळ्यात पडले. चित्रीकरण सुरू होण्याआधीपासून त्याने लोकांशी बोलत राहायचे, पोस्टर टाकायचे, खेळांच्या वेळा टाकायच्या, अमुक शहरात शो वाढवा म्हणून लोकांकडून मल्टिप्लेक्सच्या खात्यांवर लिहून घ्यायचे, शिव्या खायच्या, पुन्हा हसून उत्तर द्यायचे. ज्याला हे जमते तो टिकतो. जमत नाही तो कितीही चांगला दिग्दर्शक असो, मागे पडतो. पूर्वी निर्मात्याच्या ऑफिसात चमकदार बोलणाऱ्याला काम मिळायचे. आता फेसबुकवर चमकदार लिहिणाऱ्याला प्रेक्षक मिळतो. अबोल माणसाची गोची दोन्हीकडे सारखीच. ‘लुसिया’ यशस्वी झाला म्हणून त्याची गोष्ट आपण सांगतो. निम्म्यात अडकलेली आवाहने पहिल्याच महिन्यात पानावरून खाली सरकली, आणि त्यांचा इतिहास कोणी लिहीत नाही.

२०१६ पासून तिसरा अंक सुरू झाला. जानेवारीत नेटफ्लिक्स आणि डिसेंबरात ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ भारतात आले. त्याच वर्षी काही तरुणांनी ‘भाडिपा’ सुरू करून मराठीत यूट्यूबवरून घराघरांत पोहोचता येते हे दाखवले. काही वर्षे असे वाटले की थिएटरचा जाचच संपला. चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ व्हेनिसमध्ये पटकथेचा पुरस्कार घेऊन २०२१ मध्ये थेट नेटफ्लिक्सवर आला. अभिजित वारंगचा ‘पिकासो’, दशावतारी नटाची आणि त्याच्या मुलाची कोकणातली गोष्ट, त्याच वर्षी प्राइमवर लागला. त्याचा निर्माता शिलादित्य बोरा. पूर्वी पीव्हीआरचा ‘डायरेक्टर्स रेअर’ सांभाळणारा हाच माणूस. छोट्या चित्रपटांना मल्टिप्लेक्समध्ये जागा करून देण्यात वर्षे घालवलेल्या माणसाने मराठी चित्रपटासाठी थेट घरचा पडदा निवडावा, यात त्या वेळची सगळी परिस्थिती आली. अर्थात करोनाने थिएटरांना कुलपे लावली होती हेही खरे.

पुढे ही दारेही अरुंद झाली. थिएटरात आधी किती चालला हे पाहून भाव ठरवायची पद्धत तिथेही आली. म्हणजे ज्या दाराला बगल देऊन चित्रपट घरच्या पडद्यावर जाणार होता त्याच दारातून आधी जाऊन या, असे सांगितले जाऊ लागले.

मालेगावात मात्र गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. ‘छोटू दादा’ या ठेंगण्या नायकाचे खानदेशी विनोदी व्हिडिओ यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिले गेले. तिथल्या मंडळींनी ना महोत्सव बघितला ना मल्टिप्लेक्स. समीक्षक या व्हिडिओंकडे ढुंकून पाहत नाहीत. स्वतंत्र सिनेमा म्हणजे काय हे ठरवताना आपण चव आधी पाहतो आणि स्वातंत्र्य नंतर, त्याचा हा पुरावा. नासिर शेखची गोष्ट घेऊन रीमा कागती यांनी ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ काढला, तो टोरोंटोला २०२४ मध्ये दाखवला गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभर लागला. व्हिडिओ पार्लरवाल्याच्या ५० हजारांच्या पिक्चरवर मोठ्या निर्मितिसंस्थांनी चित्रपट काढावा इतकी ती गोष्ट आता प्रतिष्ठित झाली आहे.

२०२३ ते २०२५ या काळात मराठीत जे घडले त्यात या सगळ्या प्रवासाचा जमाखर्च दिसतो. जयंत सोमलकरचा ‘स्थळ’ चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात, तिथल्याच माणसांना घेऊन केलेला. टोरोंटोला २०२३ मध्ये ‘नेटपॅक’ पुरस्कार मिळाला, महाराष्ट्रात थिएटरात यायला मार्च २०२५ लागला. ज्या मुलींच्या लग्नाच्या बाजाराची ती गोष्ट आहे, त्यांच्या दीड वर्ष आधी टोरोंटोच्या प्रेक्षकांनी तो पाहिला. रोहन कानवडेच्या ‘साबर बोंडं’ने जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागातले सर्वोच्च परीक्षक पारितोषिक घेतले. हा मान मिळवणारा तो पहिला मराठी चित्रपट. त्याची बातमी तासाभरात प्रत्येक मराठी माणसाच्या मोबाइलवर होती. अभिनंदनाचे संदेश, छायाचित्रे, अभिमानाच्या ओळी यांचा पाऊस पडला. भारतात चित्रपट लागला तो १९ सप्टेंबर २०२५ रोजी, आणि तो लावला हैदराबादच्या राणा दग्गुबाती यांच्या संस्थेने.

कॅमेरा आज कोणाच्याही खिशात आहे. पैसा मागायला फेसबुक आहे, प्रसिद्धीला इन्स्टाग्राम आहे, आणि लोकांची द्यायची तयारी तर अमूलच्या दूध उत्पादकांपासून आहे. पडद्याचा प्रश्न तेवढा जिथे होता तिथेच राहिला, कारण तो तंत्राचा प्रश्न कधी नव्हताच. पडदे थोड्या लोकांच्या मालकीचे आहेत आणि त्यांचा हिशेब शुक्रवार ते रविवार एवढाच चालतो. तेव्हा पुढचा ‘स्थळ’ किंवा ‘साबर बोंडं’ तुमच्या गावात लागेल तेव्हा त्याचे पोस्टर पुढे पाठवण्याआधी पहिल्या शनिवारचे तिकीट काढा. निर्मात्याच्या हाती ५० टक्के पडतात ते त्याच आठवड्यात.